दोन दिवसांचे नगरदर्शन : साल्वादोर, चौल आणि शब्दांची साक्ष

(१)

ऐतिहासिक नगरे पाहावयास निघालेल्या प्रवाशापाशी वेळ नेहमीच थोडा असतो. शतकानुशतके घडत आलेले नगर तो दोन दिवसांत पाहतो आणि पाहिलेल्या वास्तूंच्या संख्येवरून आपली सहल सफल झाली की नाही, हे ठरवितो. वास्तू भव्य व शाबूत असतील तर ते नगर ‘पाहण्यासारखे’. पडक्या भिंतीच उरल्या असतील तर तेथे ‘काही उरले नाही’, असा त्याचा निकाल असतो. इतिहासाच्या दृष्टीने हा निकाल अपुरा होय. कारण नगर म्हणजे केवळ त्याचे दगड नव्हेत. नगर वसविणाऱ्यांनी आणि त्यात राबणाऱ्यांनी मागे ठेवलेले शब्द हीही त्या नगराचीच अवशेषसामग्री आहे. आणि दगडांत ज्यांना स्थान मिळाले नाही त्यांची साक्ष कित्येकदा शब्दच देतात. हे विधान तपासून पाहावयाचे तर एकाच सत्तेने वसविलेली, परंतु भिन्न दैवाची दोन नगरे समोर ठेवणे सोयीचे होईल : एक दक्षिण अमेरिकेतील साल्वादोर आणि दुसरे कोकणातील चौल.

या दोन नगरांचा संबंध वरवर दिसतो त्याहून जवळचा आहे. पेद्रो आल्वारिश काब्राल याचे आरमार १५०० च्या मार्चमध्ये लिस्बनहून निघाले ते हिंदुस्थानाकडे. आफ्रिकेच्या दक्षिण टोकास वळसा घालण्यासाठी अटलांटिक महासागरात पश्चिमेस दूरवर गेलेल्या या आरमारास २२ एप्रिल १५०० रोजी आज ब्राझील म्हणून ओळखली जाणारी भूमी दिसली. तेथे थोडे दिवस मुक्काम करून ते पुढे निघाले आणि सप्टेंबरमध्ये कालिकतला पोहोचले. ब्राझीलचा पोर्तुगीज इतिहास अशा रीतीने हिंदुस्थानच्या वाटेवर सुरू झाला. पुढील काळात गोव्याहून परतणारी अनेक गलबते साल्वादोरच्या बंदरात थांबत, आणि त्या प्रदेशातील तंबाखू गोव्यास येई. माल ज्या वाटेने जातो त्याच वाटेने शब्दही जातात.

(२)

साल्वादोर नगराची स्थापना तोमे द सौझा याने १५४९ मध्ये केली. १७६३ पर्यंत ते पोर्तुगीज ब्राझीलच्या राजधानीचे ठिकाण होते. मध्यंतरी १६२४-२५ मध्ये ते डचांच्या हाती गेले व परत मिळाले. आज ते बाईया या प्रांताची राजधानी असून त्याचा जुना भाग १९८५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा-सूचीत समाविष्ट झाला.

येथे दोन दिवस घालविणाऱ्या प्रवाशाचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. नगराचे ‘वरचे’ व ‘खालचे’ असे दोन भाग आहेत : कड्याच्या माथ्यावर देवळे, सरकारी वाडे व श्रीमंतांची घरे, पायथ्याशी बंदर, वखारी व बाजार. दोहोंस जोडणारा लासेर्दा नावाचा उद्वाहक १८७३ पासून चालू आहे. त्याची उंची सुमारे ७२ मीटर आहे. वर गेल्यावर प्रवासी दगडी फरसबंदीच्या चढउताराच्या गल्ल्यांतून पेलोरिन्यो या चौकात येतो. दोन्ही बाजूंस रंगविलेली जुनी घरे आहेत. जवळच फ्रान्सिस्कन संप्रदायाचे चर्च आहे. त्याच्या अंतर्भागातील लाकडी कोरीवकामास सोन्याचा मुलामा दिलेला आहे. डोळे दिपावेत असेच हे दृश्य आहे, आणि बहुतेकांची सहल येथे पूर्णत्वास जाते.

परंतु चौकाच्या नावाकडे लक्ष दिल्यास नगराचे दुसरे अंग दिसू लागते. ‘पेलोरिन्यो’ म्हणजे शिक्षा देण्याचा खांब. गुलामांना भर चौकात फटके मारावयाचे ते या खांबास बांधून. उसाच्या मळ्यांत व नगरातील घरांत राबविण्यासाठी आफ्रिकेतून फार मोठ्या संख्येने माणसे येथे आणली गेली. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती १८८८ मध्ये. खांब आता नाही, घरे रंगीत झाली आहेत. मात्र नाव राहिले आहे. ते नाव नसते तर दोन दिवसांच्या प्रवाशास त्या चौकाने काहीच सांगितले नसते.

याच चौकाच्या आसपास पांढरी वस्त्रे नेसलेल्या स्त्रिया ‘आकाराझे’ नावाचा पदार्थ तळून विकतात. मराठी माणसास त्याचे वर्णन सहज कळेल : चवळी भिजवून, साल काढून, वाटून केलेला तो वडाच होय, फक्त तो एका जातीच्या ताडाच्या तांबड्या तेलात तळलेला असतो. त्याचे नाव पोर्तुगीज नव्हे. ते पश्चिम आफ्रिकेतील योरुबा भाषेतून आले आहे. ज्यांना स्वतःचे घर, जमीन, एवढेच काय पण स्वतःचे नावही राखता आले नाही, त्यांनी आपल्या भाषेतील वड्याचे नाव मात्र राखले. या स्त्रियांचा व्यवसाय ब्राझीलच्या शासनाने २००५ मध्ये राष्ट्राचा अमूर्त वारसा म्हणून नोंदविला, ही गोष्ट उल्लेखनीय आहे.

दगडही चिरंतन नसतात. २०२५ च्या फेब्रुवारीत त्याच सुवर्णमंडित फ्रान्सिस्कन चर्चच्या छताचा भाग कोसळून नगरदर्शनास आलेल्या एका तरुणीचा मृत्यू झाला. शाबूत दिसणाऱ्या वास्तूही किती जपाव्या लागतात, याची ही दुःखद जाणीव होय.

(३)

आता दुसऱ्या नगराकडे वळावयाचे. पुण्याच्या पश्चिमेस मुळशी तालुक्यात माण हे गाव आहे. गेल्या शतकाच्या अखेरीपासून हिंजवडी व माण यांच्या शिवारावर राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले, आणि देशाच्या सर्व भागांतून आलेली माणसे तेथे नोकरी करू लागली. शनिवार-रविवारच्या सुटीत यांपैकी अनेकजण पौडवरून मुळशीच्या धरणाकडे आणि तेथून ताम्हिणी घाटाने कोकणात उतरतात. हीच वाट पुढे रोह्यावरून कुंडलिकेच्या मुखाशी, साळाव, कोर्लई, रेवदंडा व चौल या गावांपाशी पोहोचते. समुद्रस्नान, मासळीचे जेवण व किल्ल्यावरील एक फेरी असा या सहलीचा क्रम असतो. साल्वादोरच्या जातीचे एक ऐतिहासिक नगर आपण तुडवीत आहोत, ही जाणीव फार थोड्यांस असते.

चौलचे प्राचीनत्व मोठे आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात त्याचा ‘सेमिल्ला’ असा, तर दुसऱ्या शतकात टॉलेमीच्या भूगोलात ‘सिमुल्ला’ असा उल्लेख आहे. कान्हेरीच्या लेखांत ते ‘चेमुल’ आहे. दहाव्या शतकाच्या आरंभी येऊन गेलेला अरब लेखक मसूदी त्यास ‘सैमूर’ म्हणतो. ‘चेमुल’पासून ‘चौल’ कसे झाले, हे मराठीच्या अभ्यासकास सांगावयास नको. ‘ग्राम’चे ‘गाव’ व ‘नाम’चे ‘नाव’ होताना दोन स्वरांमधील ‘म’काराची जी गती झाली तीच येथेही झाली. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलास उतरला होता. रेवदंड्यास त्याचे स्मारक आहे.

१५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्तच्या सुलतानाच्या आरमाराशी झालेल्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा पुत्र लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. १५२१ मध्ये निजामशहाच्या अनुमतीने पोर्तुगीजांनी खाडीच्या तोंडाशी किल्ला बांधावयास घेतला; म्हणजे साल्वादोरच्या स्थापनेपूर्वी सुमारे २८ वर्षे. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने घातलेला वेढा या ठाण्याने निभावला. १५९४ मध्ये खाडीपलीकडील कोर्लईची टेकडी पोर्तुगीजांच्या हाती आली; तिला ते ‘मोरो’, म्हणजे टेकडी, म्हणत. हाच शब्द ब्राझीलमध्ये आजही टेकड्यांच्या व गावांच्या नावांत सर्रास आढळतो. १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या सैन्याने चौलास वेढा दिला. पुढे १७३९ मध्ये वसई पडल्यावर उत्तरेकडील पोर्तुगीज सत्तेचा कणाच मोडला आणि १७४० मध्ये तहान्वये चौल व कोर्लई मराठ्यांकडे आले.

पोर्तुगीज लेखनात चौलाचेही ‘वरचे’ व ‘खालचे’ असे दोन भाग येतात. शब्द साल्वादोरचेच आहेत. अर्थ मात्र निराळा. येथे कडा नाही, उद्वाहक नाही. खाडीने आत गेल्यावर लागणारे जुने, देशी सत्तेखालचे नगर ते ‘वरचे चौल’ आणि समुद्राकडील तटबंद पोर्तुगीज ठाणे, म्हणजे आजचा रेवदंडा, ते ‘खालचे चौल’. साल्वादोरमध्ये या शब्दांनी एकाच सत्तेखालील वरिष्ठ व कनिष्ठ वस्त्यांतील भेद सांगितला. चौलात त्यांनी दोन सत्तांमधील सीमा सांगितली. एकाच नावाने दोन ठिकाणी दोन निराळे समाज मोजले गेले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

साल्वादोर वाढत गेले, खालचे चौल मात्र ओस पडले. व्यापार आधीच सुरतेकडे व नंतर मुंबईकडे वळला होता. सत्ता गेल्यावर नगराचे प्रयोजनच संपले. आज रेवदंड्याच्या तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. वेशींवर राजचिन्हे कोरलेली दिसतात, चर्चच्या छपराविना उभ्या भिंती दिसतात, आणि ‘सातखणी’ या नावाने ओळखला जाणारा फ्रान्सिस्कन मठाचा उंच मनोरा झाडांच्या शेंड्यांवर डोके काढून उभा असतो. ज्या संप्रदायाचे साल्वादोरचे चर्च सोन्याने मढलेले आहे त्याच संप्रदायाचा हा मनोरा. गोव्याचे विद्वान डॉ. जे. जेर्सन द कुन्हा यांनी चौल व वसई येथील पुरावशेषांवरील आपला ग्रंथ १८७६ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हाही हे नगर अवशेषरूपच होते. दोन दिवसांचा प्रवासी येथे ‘काही उरले नाही’ म्हणतो ते या दृश्यावरून.

(४)

जे उरले आहे ते खाडीच्या दक्षिणेस, कोर्लईच्या टेकडीच्या पायथ्याशी. तेथील ख्रिस्ती वस्तीत साधारण हजारभर माणसे घरात एक बोली बोलतात. तिला ती ‘नोलिंग’, म्हणजे ‘आमची बोली’, असे म्हणतात. सोळाव्या शतकात पोर्तुगीज शिपाई व दर्यावर्दी आणि स्थानिक स्त्रिया, सेवक व नवख्रिस्ती कुटुंबे यांच्या संपर्कातून ती जन्मली. शब्द बव्हंशी पोर्तुगीज. घडण मात्र शेजारच्या मराठीने पुष्कळच बदललेली. पोर्तुगीज भाषेत क्रियापद सामान्यतः कर्त्यानंतर व कर्मापूर्वी येते; कोर्लईच्या बोलीत ते मराठीप्रमाणे वाक्याच्या अखेरीस येण्याकडे कल आहे. भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ मध्ये या बोलीच्या घडणीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि तेव्हापासून जगातील मिश्रभाषांच्या अभ्यासात कोर्लईचे नाव आदराने घेतले जाते.

ही बोली टिकली कशी, हा प्रश्न इतिहासाचा आहे. १७४० नंतर ज्यांना जाणे शक्य होते ते गोव्याकडे गेले. मागे राहिले ते शेतकरी व कष्टकरी ख्रिस्ती. एका बाजूस खाडी, दुसऱ्या बाजूस डोंगर, सभोवती हिंदू व मुसलमान गावे. विवाहसंबंध आपल्याच वस्तीत. आणि धर्मविधींच्या निमित्ताने पोर्तुगीज भाषेशी राहिलेला थोडा संबंध. या साऱ्यांमुळे, ज्या सत्तेने ती आणली ती सत्ता जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षे लोटली तरी बोली राहिली. येथे साल्वादोरच्या आकाराझे विकणाऱ्या स्त्रियांची आठवण होणे स्वाभाविक आहे. तेथे जिंकलेल्यांनी राज्यकर्त्यांच्या नगरात आपला शब्द राखला. येथे राज्यकर्ते निघून गेल्यावर त्यांची भाषा, स्वतःची करून, सामान्य माणसांनी राखली. दोन्ही ठिकाणी राखणारे हात कष्टकऱ्यांचेच आहेत.

परंतु जे आजवर टिकले ते पुढेही टिकेल, असे मानण्यास आधार नाही. मुंबई-वसईकडील अशाच एका बोलीचे वर्णन गोव्याचे थोर भाषापंडित सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी १९०६ मध्ये प्रसिद्ध केले होते. ती आज लोपली आहे. कोर्लईच्या मुलांचे शिक्षण व व्यवहार मराठीत आणि त्यापुढे इंग्रजीत होतो. खाडीवर पूल झाला, नोकरीसाठी माणसे बाहेर पडली. यात कोणाचा दोष नाही. एकांतवासाने राखलेली बोली एकांत संपला की क्षीण होते. तटाच्या भिंती आणखी शंभर वर्षे उभ्या राहतील. ही बोली तितकी राहील की नाही, हे येत्या दोन पिढ्यांत ठरेल.

(५)

चौलच्या पोर्तुगीज सत्तेचे अवशेष कोर्लईतच आहेत असे समजणेही बरोबर नाही. ते घाट चढून माणपर्यंत आले आहेत. दालगादो यांनी १९१३ मध्ये आशियातील भाषांवर झालेल्या पोर्तुगीज शब्दसंग्रहाच्या प्रभावाचा कोश प्रसिद्ध केला. त्यात नोंदविलेले कित्येक शब्द मराठीत इतके मुरले आहेत की ते परके आहेत याची शंकाही येत नाही. माणच्या नव्या इमारतींवर राबणाऱ्या मजुराच्या डोक्यावरील ‘घमेले’ म्हणजे पोर्तुगीज ‘गामेला’, मूळ अर्थ लाकडी पात्र. ब्राझीलमध्ये आजही तो त्याच अर्थाने चालतो. त्या इमारतींत काम करणाऱ्यांचा ‘पगार’ हा पैसे चुकते करणे या अर्थाच्या ‘पगार’ या पोर्तुगीज क्रियापदाशी जोडलेला आहे. ‘चावी’, ‘बादली’, ‘मेज’, ‘खमीस’, ‘फीत’, ‘पिंप’, ‘लिलाव’, ‘पाव’ हे त्याच कुळातले शब्द. माणचा माणूस उद्या साल्वादोरला गेला, तर तेथील बाजारात यांतील निम्म्याहून अधिक शब्द थोड्या निराळ्या उच्चाराने त्याच्या कानी पडतील.

याच कुळातील एक शब्द विशेष विचार करावयास लावणारा आहे. ‘तुरुंग’ हा शब्द पोर्तुगीज ‘त्रोंको’पासून आला. त्रोंको म्हणजे झाडाचे खोड आणि त्यावरून कैद्यास अडकविण्याचा लाकडी खोडा. ब्राझीलमध्ये गुलामांस शिक्षा देण्याचे साधन या अर्थाने तो शब्द कुप्रसिद्ध झाला. हिंदुस्थानात त्याचा अर्थ बंदिशाळा असा झाला. पेलोरिन्योच्या खांबाचा सख्खा भाऊ असा हा शब्द मराठीत रोजच्या वापरात आहे. एका सत्तेने दोन खंडांत काय केले याची आठवण देणारे स्मारक निराळे उभारावयास नको. ते वर्तमानपत्राच्या पानांवर दररोज छापले जाते.

फळाफुलांच्या नावांत हीच देवघेव सुखद रूपाने दिसते. ‘काजू’ व ‘अननस’ ही नावे ब्राझीलच्या तुपी या आदिवासी भाषाकुळातून पोर्तुगीजमार्गे मराठीत आली. ‘बटाटा’ हा शब्द कॅरिबियन बेटांतील. उलट बाईयाच्या बाजारात मिळणारे ‘मांगा’ म्हणजे आंबा व ‘जाका’ म्हणजे फणस ही नावे मलयाळम भाषेतून गेली आहेत. मात्र मराठीने सर्वच पाहुण्यांना त्यांच्या नावासकट घरात घेतले नाही. अमेरिका खंडातून आलेल्या तिखट फळास तिने आपल्या ‘मिऱ्या’वरून ‘मिरची’ हे नाव दिले, आणि तिकडूनच आल्याचे मानले जाणाऱ्या एका गोड फळाचे थेट ‘सीताफळ’ केले. परक्या वस्तूचे स्वागत करण्याच्या भाषेच्या या दोन रीती होत : एकीत वस्तूचा प्रवास नावात दिसत राहतो, दुसरीत तो पुसला जातो. इतिहासकाराने दुसऱ्या रीतीपुढे अधिक सावध राहावे. जे नाव अत्यंत देशी वाटते त्यामागेही समुद्र असू शकतो.

(६)

माणच्या शिवारात हीच प्रक्रिया आज डोळ्यांदेखत चालू आहे. भातखाचरे, बांध व माळ यांवर वसलेल्या भागांस आता ‘फेज वन’, ‘फेज टू’, ‘फेज थ्री’ अशा नावांनी ओळखले जाते. रिक्षावाले, भाजीवाले व स्थानिक शेतकरीही हीच नावे घेतात. ‘घमेले’ जसे मराठी झाले तसे ‘फेज’ही होऊ लागले आहे. यात खंत करण्यासारखे काही नाही. भाषा अशीच वाढते. मात्र नवे नाव रुजण्यापूर्वी जुने टिपून ठेवणे हे अभ्यासकांचे कर्तव्य आहे. ज्या नकाशांवर भूखंडांचे क्रमांक नोंदले जातात त्यांवर शेतांची, ओढ्यांची व वाटांची नावेही नोंदली गेली पाहिजेत. चौलचे ‘चेमुल’ हे नाव कान्हेरीच्या दगडावर कोणी तरी कोरले म्हणूनच त्याचा इतिहास सांगता येतो.

एवंच, अल्पकालीन नगरदर्शन व्यर्थ असते असे नव्हे. त्याची रीत बदलली पाहिजे. दोन दिवसांत सर्व वास्तू पाहून होत नाहीत, पण दोन दिवसांत कान उघडे ठेवता येतात. चौकाचे नाव काय, ते कोणी दिले, तेथील खाद्यपदार्थास काय म्हणतात, टेकडीस, वेशीस, मनोऱ्यास गावकरी कोणत्या नावाने हाक मारतात, एवढे प्रश्न विचारले तरी साल्वादोरच्या रंगीत घरांमागील गुलाम दिसू लागतो आणि रेवदंड्याच्या पडक्या भिंतींमागील जिवंत वस्ती ऐकू येऊ लागते. कोर्लईच्या बाबतीत मात्र केवळ प्रवाशाच्या कुतूहलावर विसंबून चालणार नाही. त्या वस्तीच्या संमतीने व सहभागाने तेथील वृद्धांच्या बोलण्याचे ध्वनिमुद्रण, शब्दसंग्रह व कथागीतांची नोंद महाराष्ट्रातील विद्यापीठांनी सातत्याने केली पाहिजे. आणि ते साहित्य प्रथम त्या वस्तीतील मुलांच्या हाती गेले पाहिजे. ब्राझीलला एका वड्याच्या नावाचे व ते राखणाऱ्या स्त्रियांचे मोल कळले. महाराष्ट्राजवळ तर, एका लोपलेल्या नगराची अख्खी बोली अद्याप जिवंत आहे.